पाण्याखालचें मार्डेल

साम्राज्यें कशीं बुडालीं हें इतिहासकार विस्तारानें सांगतात; मूठभर घरांची एखादी वाडी बुडाली तर तिची बखर कोणी लिहीत नाहीं. उत्तर इंग्लंडच्या डोंगरी सरोवर-प्रदेशांत, त्या वेळच्या वेस्टमोरलंड परगण्यांत, हॉजवॉटर सरोवराच्या माथ्याशीं मार्डेल ग्रीन नांवाची अशी एक वाडी होती.

मेंढरें, दगडी बांध, चिमुकलें चर्च आणि ‘डन बुल’ नांवाची खाणावळ, एवढाच तिचा पसारा. पण तिलाही ‘राजे’ होते. राजा जॉनच्या रोषांतून निसटलेला होम नांवाचा कोणी सरदार तेराव्या शतकाच्या आरंभीं येथें दडला, अशी दंतकथा आहे. त्याच्या वंशजांस लोक ‘मार्डेलचे राजे’ म्हणत. १८८५ सालीं तो वंश खुंटला. गांवाला प्रथम स्वतःचें दफनस्थानही नव्हतें. प्रेत घोड्याच्या पाठीवर बांधून, डोंगर ओलांडून, शॅप गांवीं न्यावें लागे. त्या प्रेतवाटेवरील अखेरची यात्रा १७३६ सालीं झाली. पुढें गांवचे मृत गांवच्याच मातींत विसावूं लागले.

मँचेस्टर हें नांव आमच्या वाचकांस कापडामुळें परिचित आहे. गिरण्यांच्या त्या शहराची तहान वाढत गेली. १८९४ पासून थर्लमियर सरोवराचें पाणी तिकडे जात होतें, तेंही पुरेना. १९१९ सालीं पार्लमेंटनें कायदा करून हॉजवॉटरचें पाणी घेण्याचा अधिकार त्या शहरास दिला. १९२९ मध्यें धरणाचें काम सुरू झालें. सरोवराची पातळी ९५ फूट वर चढणार होती. ऑगस्ट १९३५ मध्यें चर्चमध्यें शेवटची उपासना झाली. आंत जागा अपुरी, म्हणून शेंकडों लोक बाहेर उभे राहून ऐकत होते. ९७ मृतांचे अवशेष उकरून पुनः शॅपलाच नेण्यांत आले. दोनशें वर्षांनीं जुनाच मुक्काम नशिबीं आला. मग लष्करी इंजिनियरांनीं घरें सुरुंगानें उडविलीं.

येथें कोणी लूटमार केली नाहीं. कायदा झाला, प्रार्थना झाली, मृतांचाही मान राखला गेला. लाखों नगरवासीयांस निर्मळ पाणी मिळालें, हें कांहीं लहान पुण्य नव्हे. बहुतांच्या हितासाठीं थोड्यांनीं त्याग करावा, हा न्यायही आपणांस पटतो. पण त्याग म्हणजे स्वतः देणें. मार्डेलनें दिलें नाहीं. मार्डेलकडून घेतलें गेलें. तराजू ज्याच्या हातीं होता, त्यालाच तहान लागली होती. हा भेद विसरला गेला म्हणजे घेणाऱ्यास आपण उपकारकर्ते आहों असें वाटूं लागतें.

१९८४ व १९९५ सालच्या अवर्षणांत पाणी खालीं गेलें, तेव्हां मार्डेलचे बांध, गल्ल्या आणि जुना पूल उघडे पडले. ते पाहावयास माणसांची रीघ लागली. शहराला पाणी भरपूर असतें तोंवर ती वाडी कोणास दिसत नाहीं; शहराच्या घशाला कोरड पडली म्हणजेच ती वर येते.