पोलीस बिल्ले, अमेरिकन

पोलीस बिल्ले, अमेरिकन : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पोलीस, शेरीफ, मार्शल, रात्रीचे पहारेकरी आणि खासगी रखवालदार यांनी अधिकारदर्शक म्हणून छातीवर लावावयाची धातूची चिन्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर धातुशोधक यंत्रे सामान्य नागरिकांच्या हाती आली, तेव्हापासून ओसाड पडलेली खाणगावे, जुन्या रेल्वेस्थानकांचे परिसर व घरांची परसे येथे जमिनीत गाडले गेलेले असे बिल्ले सापडत आले आहेत. ते कोणाचे व कोणत्या काळातील, हे ठरविणे स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने उपयुक्त असले, तरी त्यात फसगतीच्या जागा पुष्कळ आहेत.

न्यूयॉर्क शहरात १८४५ मध्ये पोलीसदल उभे राहिले, तेव्हा शिपायांना तांब्याचा तारा देण्यात आला. गणवेश आला तो १८५३ मध्ये. तोवर हा तारा हीच त्यांची ओळख होती. (‘कॉप’ हा बोलभाषेतील शब्द या तांब्यावरून आला, ही लोकप्रिय व्युत्पत्ती मात्र भाषाभ्यासकांना मान्य नाही.) पश्चिमेकडील प्रदेशांत तर शेरीफ व त्याचे दुय्यम अधिकारी दीर्घकाळ साध्या पोशाखातच वावरत. त्यांचे बिल्ले गावचा सोनार किंवा लोहार हाताने घडवी. पुढे शिकागो, सॅन फ्रॅन्सिस्को इ. शहरांतील ठसेकाम करणारे व रबरी शिक्के बनविणारे कारखाने ते टपालाने पुरवू लागले. कारखान्याकडे तारा व ढाल यांचे साचे तयार असत. मागणीप्रमाणे फक्त अक्षरे कोरावयाची. त्यामुळे शेकडो मैल दूर असलेल्या दोन काउंट्यांचे बिल्ले नाव सोडल्यास एकसारखे दिसतात.

म्हणूनच जाणकार संशोधक बिल्ला प्रथम उलटा करून पाहतो. दर्शनी बाजूवरील मजकूर कोणालाही केव्हाही कोरता येतो. पाठीमागची बाजू सहसा खोटे बोलत नाही. तेथे टाचणी, बिजागरी व अडकवण यांची घडण दिसते, डाखकामाच्या खुणा असतात आणि पुष्कळदा निर्मात्याचे नावही असते. नावाबरोबर पत्ता असल्यास कालनिर्णय अधिक सोपा होतो. उदा., पत्त्यात ‘झिप’ क्रमांक असेल, तर तो बिल्ला १९६३ पूर्वीचा असू शकत नाही. मग पुढे ‘१८८० चा मार्शल’ असे कितीही ठळक कोरलेले असो.

जमिनीत पडून राहिलेल्या बिल्ल्याला आणखी एक साक्ष लाभते. पितळेवरील निकेलचा मुलामा पापुद्र्यांनी सुटतो, पोलादी टाचणी गंजून नाहीशी होते व पितळेतील जस्त झिरपून गेल्यास पृष्ठभागावर तांबूस डाग उरतात. घासूनपुसून चकचकीत केलेल्या बिल्ल्यावरील ही साक्ष कायमची पुसली जाते. जर्मन सिल्व्हर या तांबे, निकेल व जस्त यांच्या मिश्रधातूची विद्युत्‌संवाहकता कमी असल्याने त्याचे लहान बिल्ले यंत्रावर ॲल्युमिनियमच्या कचऱ्यासारखाच संकेत देतात आणि उतावळा शोधक ते न उकरताच पुढे जातो.

सापडणारा प्रत्येक तारा शेरीफचा नसतो. रेल्वे, खाणी व कारखाने यांच्या रखवालदारांचेही असे बिल्ले असत. मुलांच्या खेळण्यांचा उपद्रव तर मोठाच आहे. एफबीआय सोडल्यानंतर मेल्व्हिन पर्व्हिस याच्या नावाने न्याहारीच्या धान्यपदार्थांबरोबर १९३६ च्या सुमारास मुलांना बिल्ले मिळू लागले. पातळ पत्रा व बिल्ल्यावर एखाद्या गावाचे वा कार्यालयाचे नाव नसणे, यांवरून ते ओळखू येतात.

टेक्सस रेंजर्सचे उदाहरण या बाबतीत विशेष बोलके आहे. एकोणिसाव्या शतकात राज्याने या दलाला बिल्ले दिले नव्हते; अधिकाराचा पुरावा नेमणुकीचा कागद हाच होता. काही थोड्या रेंजरांनी मेक्सिकन चांदीच्या नाण्यांतून तारे कापवून घेतले, तेही पदरचा पैसा घालून. मेक्सिकोच्या पाच पेसो नाण्यापासून बनविलेला सध्याचा बिल्ला १९६२ चा आहे. तरीही ‘जुने रेंजर बिल्ले’ बाजारात विपुल मिळतात. चित्रपटांनी रूढ केलेली प्रतिमा येथे इतिहासावर कुरघोडी करते, असेच म्हणावे लागते. याउलट भारतात चपरास या पितळी बिल्ल्यावरून तो लावणाराच चपराशी म्हणून ओळखला जाऊ लागला.

काउंटीच्या दप्तरातील शेरीफची जामीनखते, शपथपत्रे व दुय्यमांच्या नेमणुकांच्या नोंदी यांच्याशी बिल्ला ताडून पाहता येतो. मात्र तो नेमका कोठे व किती खोलीवर मिळाला, हे टिपून ठेवलेले असावे लागते. संघराज्याच्या व इंडियन जमातींच्या जमिनीतील शंभर वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तू परवान्याविना उकरण्यास १९७९ च्या कायद्याने बंदी आहे. पोलीस बिल्ल्यांच्या आंतरराज्य देवघेवीवर २००० मध्ये निर्बंध आले. स्मृतिचिन्ह म्हणून वा संग्रहासाठी बाळगलेले बिल्ले त्यांतून वगळले आहेत.