जपानीत रस्ता कसा विचाराल?

जपानमध्ये कामाला जायचं तर भाषेची परीक्षा चुकत नाही. कुशल कामगारांसाठी भारत-जपान करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. त्यातून जाणाऱ्याला साधारणपणे जेएलपीटीची एन-४ पातळी किंवा जेएफटी-बेसिक पास व्हावं लागतं. पण तिथं उतरल्यावर पहिली परीक्षा रस्त्यावरच होते. खोली कुठे, काम कुठे, मस्जिद कुठे! म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या मुलामुलींसाठी आम्ही हे शब्द देत आहोत.

मिची म्हणजे रस्ता, कादो म्हणजे कोपरा, कोसातेन म्हणजे चौक. मिगी उजवी, हिदारी डावी, मास्सुगु सरळ. एकी म्हणजे स्टेशन आणि फुमिकिरी म्हणजे रेल्वे फाटक. सिग्नलला शिंगो म्हणतात. तो हिरवा झाला तरी जपानी माणूस त्याला ‘आओ’, म्हणजे निळाच म्हणतो. गोंधळू नका, निघा.

वाक्याची रचना आपल्या मराठीसारखीच, क्रियापद शेवटी. ‘त्सुगी नो कादो ओ मिगी नि मागात्ते कुदासाई.’ शब्दाला शब्द लावला तर ‘पुढच्या कोपऱ्याला उजवीकडे वळून द्या’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे उलटं वाटतं, आपल्याला नाही. वाहनंही तिथं आपल्यासारखीच डावीकडून चालतात.

अंबरनाथ ईस्ट की वेस्ट, हे विचारल्याशिवाय आपण रिक्षात बसत नाही. तिथंही मोठ्या स्टेशनवर तेच: हिगाशी-गुची पूर्वेचं दार, निशी-गुची पश्चिमेचं. चुकीच्या दारानं बाहेर पडलात की चांगलीच पायपीट होते.

पत्त्यात मात्र गंमत आहे. जपानमध्ये बहुतेक रस्त्यांना नावच नसतं. विभाग, चोमे, मग ब्लॉक आणि घराचा नंबर. कॅम्प, सेक्शन, बॅरक नंबर सांगत वाढलेल्या उल्हासनगरच्या पोराला यात नवीन काय? फक्त तिथं मोठ्याकडून लहानाकडे लिहितात, आणि जुन्या वस्तीत नंबर ओळीनं असतीलच असं नाही.

मस्जिद विचारायची तर ‘सुमिमासेन, मोसुकु वा दोको देसु का?’ जपानची पहिली मस्जिद कोबे शहरात १९३५ साली उभी राहिली. तिच्या खर्चात भारतीय व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता.

रस्ता चुकलाच तर कोबान, म्हणजे छोटी पोलीस चौकी शोधा. रस्ता सांगणं हे तिथल्या पोलिसांचं रोजचं काम आहे. खोलीचा पत्ता जपानी लिपीत लिहिलेला कागद तेवढा खिशात ठेवा, मोबाइलची बॅटरी संपते.