रक्ताची खूण, शाईची खूण

आयर्लंडच्या यादवी युद्धात, ३० जून १९२२ रोजी, डब्लिनचा सरकारी दप्तरखाना भस्मसात झाला. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतेक कागद जळाले. कॅथॉलिक विवाह-नोंदवह्या मात्र आपापल्या धर्मग्रामांत होत्या, म्हणून वाचल्या. १८४५ पासूनच्या महादुष्काळाने देशोधडीला लावलेल्यांचे वंशज आज डीएनए चाचणी करतात. आपला भाऊबंद कोण, हे ती सांगते. दोघांचा पूर्वज कोण, कोणत्या गावचा, हे सांगत नाही. ते वधूवरांच्या व साक्षीदारांच्या नावांतून उलगडते. १८६४ पासून कॅथॉलिक विवाहांच्या सरकारी नोंदींत वधूवरांच्या पित्यांची नावेही मिळतात. वाचकहो, आपल्या धर्मग्रामातील जीर्ण नोंदवह्याही आपण अशाच जिवापाड जपाव्यात, असे आम्हांला वाटते.