स्वनातीत विमान आणि त्याच्या तीन मर्यादा

सोलापूरच्या दक्षिणेस मंद्रूप नांवाचें गांव आहे. मुंबईहून सिंगापूरकडे नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती याच मुलुखावरून जाते. ध्वनीच्या दुप्पट वेगानें उडणारें कॉंकॉर्ड विमान त्या रेघेनें गेलें असतें, तर मुंबई ते मंद्रूप हें अंतर त्यानें पूर्ण वेगांत सुमारें दहा मिनिटांत तोडलें असतें. तसें कधीं घडलें नाहीं. त्याचें कारण त्या विमानाच्या मर्यादांत आहे.

ध्वनीचा वेग सपाट उड्डाणांत प्रथम १४ ऑक्टोबर १९४७ रोजीं अमेरिकेंत ओलांडला गेला. पुढें २ मार्च १९६९ रोजीं इंग्लंड व फ्रान्स यांचें कॉंकॉर्ड आकाशांत चढलें आणि २१ जानेवारी १९७६ पासून उतारूंची ने-आण करूं लागलें.

पहिली मर्यादा उष्णतेची. वेग वाढला कीं समोरची हवा दबून तापते. बाहेर शून्याखालीं पन्नास अंशांहून अधिक थंडी असतांही विमानाचें नाक १२७ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापे. अ‍ॅल्युमिनियमची मिश्रधातु याहून अधिक ताप वर्षानुवर्षें सोसूं शकत नाहीं. म्हणून वेग मॅक २.०४ वर, म्हणजे ध्वनीच्या दुपटीहून किंचित् अधिकावर, थांबविला गेला.

दुसरी मर्यादा उंचीची. विरळ हवेंत विरोध कमी; इंधन जळून विमान हलकें होई तसतसें तें वर चढे, परंतु ६०,००० फुटांपलीकडे जात नसे. तेथें हवेचा दाब इतका अल्प असतो कीं खिडकी फुटल्यास प्राणांवर बेतावें. म्हणून खिडक्या तळहाताएवढ्याच ठेविल्या. हवा सावकाश निसटावी आणि तोंवर विमान खालीं आणतां यावें, हा हेतु.

तिसरी मर्यादा भूमीवरील माणसांची. ध्वनीची मर्यादा ओलांडतांना एकदांच दणका होतो, हा समज चुकीचा आहे. तो दणका विमानामागून सर्व वाटभर जमिनीवर पसरत जातो. भारतानें आपल्या हद्दींत असें उड्डाण करूं दिलें नाहीं. एअर इंडियानें दोन कॉंकॉर्डसाठीं राखलेला हक्क १९७५ सालीं सोडला, आणि लंडन-सिंगापूर फेरीही १९८० सालीं बंद झाली. २४ ऑक्टोबर २००३ रोजीं उतारूंची अखेरची नियमित फेरी झाली.

मंद्रूपच्या शेतकऱ्यास त्या विमानाचें तिकीट परवडण्याजोगें नव्हतें. दणका मात्र फुकट वाट्यास आला असता. त्या नकारानें तो टळला.