गोषवारा आणि प्रस्तावना : शोधनिबंधाच्या दोन अंगांचा ऐतिहासिक विचार

बीड-पाटांगण येथे मिळालेल्या जुन्या पोथीच्या आधारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली व तिला विस्तृत प्रस्तावना जोडली. एकनाथांनी १५८४ मध्ये सिद्ध केलेल्या शुद्ध पाठाच्या पूर्वीची ही प्रत आहे, हे त्यांचे प्रतिपादन होते. मूळ पोथी पुढे अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही. राहिली ती छापील संहिता आणि प्रस्तावना. तेथे चार ओळींचा गोषवारा असता, तर राजवाड्यांचा निर्णय तेवढा कळला असता. त्याशी वाद घालण्यास आधार उरला नसता. प्रस्तावनेने तो आधार दिला, म्हणूनच त्या प्रतीच्या प्राचीनत्वाची चर्चा पुढील पिढ्यांना करता आली.

'गोषवारा' हा शब्द फारसीतून दफ्तरात आला. रोजकीर्द व खतावणीतील अनेक पानांचा मेळ तो एका पानावर दाखवितो. गोषवारा पाहणारा मूळ वही उघडेलच असे नाही. हीच त्याची सोय आणि हाच त्याचा धोका. प्रस्तावनेचे कूळ निराळे आहे. शास्त्रग्रंथांच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे अनुबंधचतुष्टय सांगण्याची परंपरा होती. ग्रंथ कशाविषयी, कशासाठी व कोणासाठी, हे त्यातून कळे. निष्कर्षाला या चारांत जागा नाही, ही बाब लक्षणीय होय.

पाश्चात्त्य नियतकालिकांतही गोषवारा उशिराच आला. लंडनच्या रॉयल सोसायटीचे 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' १६६५ मध्ये सुरू झाले. त्यातील १८०० पासूनच्या निबंधांचे सारांश स्वतंत्रपणे छापण्यास १८३२ उजाडले. १९०७ पासून 'केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स' निघू लागले आणि सारांश हा मूळ निबंधापासून दूर, एकटा प्रवास करू लागला. प्रस्तावनेच्या रचनेचे विश्लेषण जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये केले : क्षेत्राचे महत्त्व सांगणे, त्यातील उणीव दाखविणे, ती आपण कशी भरणार हे मांडणे.

महाविद्यालयीन शोधनिबंधांत मात्र प्रस्तावनेचाच पहिला परिच्छेद उचलून सारांश म्हणून छापलेला आढळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी निबंधांना गुण जोडल्यानंतर ही घाई वाढली असल्यास नवल नाही. ऊसतोड मजुरांच्या स्थलांतरावरील एखाद्या निबंधाची कल्पना करावी. 'बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो' हे वाक्य प्रस्तावनेत शोभते. तेथून पूर्वसंशोधनाकडे व त्यातील रिकाम्या जागेकडे वळता येते. गोषवाऱ्यात त्याचा उपयोग नाही. तेथे किती गावे, किती कुटुंबे, कोणते हंगाम, कोणती कागदपत्रे तपासली आणि काय आढळले, एवढेच हवे. दूरच्या ग्रंथालयातील अभ्यासकाच्या हाती बहुधा तेवढाच मजकूर पडतो, आणि त्यात निष्कर्ष नसेल तर बीडच्या त्या कुटुंबांविषयी त्याला काहीच कळत नाही.

म्हणूनच गोषवारा निबंधाच्या माथ्यावर छापला जात असला, तरी लिहावा सर्वांत शेवटी. त्याची क्रियापदे बहुतांशी भूतकाळी असतात : तपासले, मोजले, आढळले. प्रस्तावनेतील काम अद्याप व्हावयाचे असते.