भाताच्या बुरशीपासून भिवंडीच्या गोदामापर्यंत : स्टॅटिनच्या गोळीचा इतिहास

१/
१६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी ही ठाणी आदिलशाहीकडून घेतली, तेव्हा घाटमाथा आणि समुद्र यांच्यामधल्या व्यापाराची ती मोक्याची गावे होती. माल येथे उतरावा आणि पुढे जावा, हा भिवंडीचा स्वभाव आजही कायम आहे. मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या तिच्या गोदामांतून कापड, किराणा, यंत्रांचे सुटे भाग आणि औषधे दूरदूर जातात.

२/
त्या औषधांत घरोघरी पोहोचलेली एक छोटी गोळी आहे. तिचे नाव ॲटोर्वास्टॅटिन किंवा रोसुवास्टॅटिन. रक्तातील कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या ‘स्टॅटिन’ कुळातील ही औषधे. ती घेणाऱ्यांपैकी दोघांना धोका अधिक : अंग दुखते म्हणून परस्पर गोळी सोडणाऱ्याला, आणि इतर औषधांचा विचार न करता ती घेत राहणाऱ्याला. या दोघांनाही सावध करणारे धडे गोळीच्या पन्नास वर्षांच्या इतिहासात आहेत.

३/
आरंभ रशियात. १९१३ च्या सुमारास निकोलाय अनिच्कोव्ह या तरुण शास्त्रज्ञाने सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातले आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांत मेदाचे थर साचल्याचे दाखवले. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावातील हजारो रहिवाशांचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. त्यातून उच्च कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचा संबंध स्पष्ट होत गेला. रोगाचे एक कारण हाती आले होते. त्यावर परिणामकारक आणि सोसवेल असे औषध मात्र नव्हते.

४/
ते शोधले जपानच्या अकिरा एंडो यांनी. १९३३ मध्ये अकिता प्रांतातील शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या एंडो यांना लहानपणापासून बुरशी आणि अळंबी यांचे कुतूहल होते. टोकियोतील सांक्यो या औषधकंपनीत असताना त्यांनी एक तर्क मांडला : पेनिसिलिनप्रमाणेच, शत्रूजंतूंना रोखण्यासाठी एखादी बुरशी त्यांची कोलेस्टेरॉलसारखी द्रव्ये तयार होण्याची क्रियाच बंद पाडत असेल. १९७१ पासून त्यांच्या छोट्या गटाने सुमारे ६,००० सूक्ष्मजीव तपासले. १९७३ मध्ये क्योटोतील धान्याच्या दुकानातून आणलेल्या तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत हवे ते द्रव्य सापडले. त्याला पुढे ‘कॉम्पॅक्टिन’ म्हटले गेले.

५/
हे द्रव्य काम कसे करते? शरीरातील बरेचसे कोलेस्टेरॉल अन्नातून न येता शरीरातच, मुख्यतः यकृतात, तयार होते. या निर्मितीचा वेग एक विकर ठरवते. स्टॅटिन त्याला अडवते. कोलेस्टेरॉल कमी पडू लागले की यकृताच्या पेशी ते रक्तातून ओढून घेणारी ग्राहके पृष्ठभागावर वाढवतात आणि रक्तातील ‘एलडीएल’ उतरते. ही ग्राहके शोधणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

६/
प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंतची वाट मात्र अवघड होती. उंदरांमध्ये कॉम्पॅक्टिनचा परिणामच दिसेना आणि प्रकल्प बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा एका सहकाऱ्याच्या मदतीने ते अंडी देणाऱ्या कोंबड्यांना देऊन पाहण्यात आले. अंड्यात भरपूर कोलेस्टेरॉल, म्हणजे कोंबडीच्या रक्तातही ते असणार, हा साधा विचार. १९७६ मध्ये कोंबड्यांचे कोलेस्टेरॉल उतरले आणि औषध वाचले.

७/
१९७८ मध्ये ओसाका येथील डॉक्टर अकिरा यामामोतो यांनी हे औषध प्रथमच रुग्णाला दिले. ती एक तरुणी होती. आनुवंशिक दोषामुळे तिचे कोलेस्टेरॉल सामान्य पातळीच्या कितीतरी पट होते. रोज ५०० मिलिग्रॅम अशी मात्रा सुरू झाली आणि कोलेस्टेरॉल उतरू लागले. परंतु दोन-तीन आठवड्यांत तिच्या स्नायूंची शक्ती क्षीण होऊ लागली. यामामोतो यांनी औषध थांबवले. ती सावरल्यावर त्यांनी मात्रा घटवून २०० मिलिग्रॅमवर आणली आणि उपचार पुन्हा सुरू केले.

८/
स्टॅटिनच्या सुरक्षिततेचा पहिला धडा पहिल्याच रुग्णाने दिला. त्यात तीन गोष्टी होत्या : त्रास कुठे होतो, तर स्नायूंत, तो कशाने वाढतो, तर मात्रेने, आणि उपाय काय, तर डॉक्टरांच्या देखरेखीत थांबणे आणि कमी मात्रेने पुन्हा आरंभ करणे. त्या तरुणीने परस्पर औषध सोडले नाही आणि तिच्या डॉक्टरांनी तक्रारीकडे दुर्लक्ष केले नाही.

९/
कॉम्पॅक्टिन स्वतः बाजारात कधीच आले नाही. कुत्र्यांवरील चाचण्यांत कर्करोगाची शंका आल्याने १९८० मध्ये सांक्योने ते थांबवले. दरम्यान अमेरिकेतील मर्क कंपनीला दुसऱ्या बुरशीत तसेच द्रव्य मिळाले होते. ‘लोव्हास्टॅटिन’ नावाने त्याला सप्टेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. बाजारात आलेले हे पहिले स्टॅटिन.

१०/
तरीही मुख्य प्रश्न उरला होता. कोलेस्टेरॉलचा आकडा उतरतो हे खरे. माणूस वाचतो का? १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील ‘फोर-एस’ या अभ्यासाने उत्तर दिले. हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांपैकी निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन आणि निम्म्यांना औषधविरहित गोळी देण्यात आली. सुमारे साडेपाच वर्षांत औषधविरहित गटात २५६ आणि औषध घेणाऱ्या गटात १८२ मृत्यू झाले. गोळी परस्पर सोडणारा रुग्ण नेमके काय गमावतो, हे या दोन आकड्यांतील अंतर सांगते.

११/
भारतासाठी हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतील अभ्यासाच्या आधारे २००७ मध्ये नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो. इतर देशांत हे वय सुमारे ५९ होते. सहा वर्षांचे हे अंतर कमावत्या वयातले आहे. घरात एकच हात कमावणारा असेल, तर त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

१२/
गोळी येथे स्वस्त झाली त्यामागे एक कायदा आहे. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी न देता केवळ ते बनवण्याच्या पद्धतीवर हक्क दिला. हा कायदा १९७२ मध्ये अमलात आला आणि २००५ पर्यंत ही तरतूद टिकली. त्यामुळे परदेशात अब्जावधी डॉलरची विक्री करणारे ॲटोर्वास्टॅटिन भारतीय कंपन्यांनी येथे अल्प किमतीत बनवले. २०११ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याला स्थानही मिळाले.

१३/
स्वस्ताईची दुसरी बाजू अशी की गोळी डॉक्टरांना वळसा घालूनही हाती येते. कायद्याने ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. प्रत्यक्षात जुनी चिठ्ठी वर्षानुवर्षे चालते, शेजाऱ्याची गोळी आपल्याला लागू पडेल असे मानले जाते आणि नव्या डॉक्टरांना जुन्या गोळीचे नाव सांगायचे राहून जाते. येथे इतिहासाचा दुसरा धडा आठवावा लागतो, आणि तो फार महाग पडलेला आहे.

१४/
१९९७ मध्ये बायर कंपनीचे ‘सेरिव्हास्टॅटिन’ बाजारात आले. काही रुग्णांचे स्नायू अक्षरशः विरघळू लागले. स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. या अवस्थेला ‘रॅब्डोमायोलिसिस’ म्हणतात. ऑगस्ट २००१ मध्ये कंपनीने औषध मागे घेतले; तोवर जगभरातील पन्नासहून अधिक मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला होता. मोठी मात्रा घेणारे, आणि सोबत ‘जेमफायब्रोझिल’ हे मेद उतरवणारे दुसरे औषध घेणारे, यांना धोका विशेष होता.

१५/
म्हणून स्टॅटिनच्या बाबतीत ‘सोबत काय?’ हा प्रश्न मात्रेइतकाच महत्त्वाचा. भिवंडीसारख्या दमट, दाट वस्तीच्या गावात नायटा-गजकर्ण नित्याचे, आणि त्यावर ‘इट्राकोनाझोल’ सर्रास दिले जाते. यकृतात स्टॅटिनचा निचरा करणाऱ्या यंत्रणेलाच ते रोखते. लोव्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिन त्याच्यासोबत घ्यायचेच नसतात. ॲटोर्वास्टॅटिनची मात्रा डॉक्टरांनी ठरवावी लागते. बुरशीतून जन्मलेल्या औषधाचे बुरशीनाशकाशीच जमत नाही.

१६/
‘क्लॅरिथ्रोमायसिन’ या प्रतिजैविकाचेही तसेच. ग्रेपफ्रूट आणि त्याच कुळातील पपनस यांच्या रसाबाबत डॉक्टरांना विचारलेले बरे. याउलट क्षयरोगावरील ‘रिफाम्पिसिन’ अनेक स्टॅटिनचा परिणाम घटवते. तेव्हा धोका स्नायूंना नसून गोळी निष्प्रभ ठरण्याचा असतो. म्हणून कोणत्याही आजारासाठी दवाखान्यात जाताना चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.

१७/
मात्रेचा धडाही जगाला पुनःपुन्हा गिरवावा लागला. २००५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने नोंदवले की रोसुवास्टॅटिनचे रक्तातील प्रमाण आशियाई वंशाच्या लोकांत सुमारे दुप्पट होते. त्यांच्यासाठी ५ मिलिग्रॅमपासून आरंभ करण्याची सूचना आली. २०११ मध्ये सिम्व्हास्टॅटिनच्या ८० मिलिग्रॅम मात्रेवर स्नायूंच्या धोक्यामुळे निर्बंध आले. ‘जास्त घेतली तर लवकर गुण येईल’ हा समज या गोळीला लागू पडत नाही.

१८/
आता अंगदुखीकडे. भिवंडीत यंत्रमाग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आले. १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप झाल्यावर कापडाचे बरेच काम येथील मागांकडे वळले. बारा-बारा तासांची पाळी, उभ्याने काम, कानठळ्या बसवणारा खडखडाट. अशा कामगाराचे पाय गोळी न घेताही दुखतात. मग ते दुखणे गोळीचे की मागाचे, हे ओळखायचे कसे?

१९/
२०२० मध्ये प्रसिद्ध झालेला लंडनचा ‘सॅमसन’ अभ्यास येथे उपयोगी पडतो. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने औषधविरहित गोळी आणि काही महिने रिकामी बाटली देण्यात आली. स्टॅटिनवर जाणवलेल्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास औषधविरहित गोळीवरही जाणवला. त्रास खरा होता. त्याचे कारण बहुतेकदा औषध नव्हते. २०२२ मधील २३ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातही स्टॅटिन घेणाऱ्यांच्या स्नायूदुखीच्या तक्रारींपैकी ९० टक्क्यांहून अधिक तक्रारींचे कारण औषध नसल्याचे दिसले.

२०/
तरीही उरलेल्या तक्रारींना औषध कारणीभूत असू शकते. गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही आठवड्यांत दोन्ही मांड्या किंवा दोन्ही खांदे सारखेच दुखू लागणे, उकिडवे बसून उठताना ताकद न लागणे, ही लक्षणे डॉक्टरांना लगेच सांगावीत. रक्तातील ‘सीके’ या तपासणीने स्नायूंची हानी कळते. लघवी काळ्या चहासारखी गडद झाली आणि सोबत तीव्र अशक्तपणा असेल, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

२१/
बाकीचे नियम साधे आहेत. आरंभी मेद, यकृत आणि साखर यांची तपासणी. थायरॉइडची शंका असल्यास तीही, कारण थायरॉइड मंद असल्यास कोलेस्टेरॉल वाढते आणि स्नायूंचा धोकाही. एक ते तीन महिन्यांनी मेदाची फेरतपासणी. सिम्व्हास्टॅटिन रात्री घ्यावे. ॲटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन कोणत्याही ठरलेल्या वेळी चालते. एक गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. मधुमेहाची शक्यता किंचित वाढते, म्हणून साखरेवर लक्ष असावे. गर्भधारणेचा विचार असल्यास किंवा अंगावर पाजत असल्यास आधी डॉक्टरांशी बोलावे. बहुधा गोळी थांबवली जाते.

२२/
अकिरा एंडो ५ जून २०२४ रोजी निवर्तले. त्यांचे कॉम्पॅक्टिन कधी विकले गेले नाही. त्याच्या वंशातील गोळ्या आज जगभर कोट्यवधी लोक घेतात. त्या इतिहासाचे सार ओसाकातल्या त्या तरुणीच्या उपचारात आधीच आले होते : तक्रार बोलून दाखवावी, मात्रा तोलावी आणि निर्णय रुग्णाने व डॉक्टरांनी मिळून घ्यावा. यंत्रमागावर उभ्या असलेल्या पन्नाशीच्या कामगारालाही तेवढेच पथ्य पुरेसे आहे, आणि तेवढे त्याला मिळायलाच हवे.