मोल्सवर्थने खाली ठेवलेलं काम

कामं फार साठली की मी एकही काम हातात घेत नाही. मोल्सवर्थचा शब्दकोश उघडून बसते. परवाही तसंच झालं. दिवाळीची आवराआवर, बँकेतला हयातीचा दाखला, दोन लग्नांचे आहेर आणि कपाटातल्या त्या सात वह्या! नोकरीत असताना खेड्यांतल्या मुलांच्या तोंडून ऐकलेले शब्द मी त्यांत टिपून ठेवले होते. निवृत्तीनंतर नीट लावीन म्हटलं होतं. वय चौऱ्याहत्तर झालं, वह्या तशाच आहेत.

कोश चाळता चाळता त्या माणसाचाच विचार मनात आला. जेम्स मोल्सवर्थ १८१२ मध्ये कोवळ्या वयात कंपनीच्या फौजेत भरती होऊन इकडे आला. मराठी शिकताना शब्द टिपायची सवय लागली आणि त्यातून सरकारी कोशाचं काम अंगावर आलं. जोडीला जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ, आणि शब्द जमवायला, तपासायला आपले शास्त्री-पंडित. १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापून झाला. शब्द सुमारे ४०,०००.

एवढ्यावर सुटका कुठली? लगेच इंग्रजी-मराठी कोश पुढे उभा. त्यात मोल्सवर्थची प्रकृती ढासळली आणि काम अर्धवट टाकून त्याला इंग्लंडला परतावं लागलं. ते काम थॉमस कँडीकडे आलं. कँडी काही रिकामा बसलेला नव्हता. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख होती, शालेय पुस्तकं होती. तरी तो कोश त्याने तडीस नेला. मात्र छापून यायला १८४७ साल उजाडलं.

पुढे १८५१ मध्ये मोल्सवर्थ पुन्हा हिंदुस्थानात आला आणि जुना मराठी-इंग्रजी कोश नव्याने हाती घेतला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द सुमारे ६०,००० झाले. पुण्यात १९७५ मध्ये तिचं पुनर्मुद्रण झालं. माझ्या मांडीवरची प्रत तीच.

शाळेत आम्ही मुलांना सांगायचो, घेतलेलं काम टाकू नये. मीही ते आयुष्यभर खरं मानलं. पण मोल्सवर्थने टाकलं. नाइलाजाने का होईना, टाकलं. म्हणून कोश बुडाला नाही. काम खाली ठेवताना ते उचलणारा कुणीतरी जवळ होता, आणि जमवलेले शब्द त्याच्या हाती लागण्याजोगे होते. मी काय केलं? माझ्या वह्या कपाटात कुलूपबंद! अक्षर असं की माझं मलाच लागत नाही. मी 'काम टाकलं नाही' म्हणत होते. खरं तर दुसऱ्या कुणाला ते करता येणार नाही, एवढीच व्यवस्था करून ठेवली होती.

असो. आहेर सुनेवर सोपवले. आवराआवर यंदा अर्धीच. बोलीभाषांवर काम करणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, तिला फोन केला. "बाई, वह्या आहेत तशा द्या," म्हणाली. तरी मी रोज दोन पानं सुवाच्य अक्षरात उतरवून काढते आहे. शब्द, गाव, अर्थ. जेवढं होईल तेवढं. उरलेलं ती करील.

हयातीचा दाखला मात्र मलाच द्यावा लागणार!